अचानक शुद्ध हरपणे आणि पेसमेकर : उपचाराचा आणि त्याआधीच्या शोधाचा अभिप्राय

वारंवार, आणि कारण न कळता, शुद्ध हरपणाऱ्या माणसाला पेसमेकर, म्हणजे हृदयाचा ठोका चुकला तर तो देणारे छोटे यंत्र, बसवावा की नाही, हा प्रश्न ज्या घरापुढे उभा आहे त्या घरासाठी मी हा अभिप्राय लिहीत आहे. माझ्या आईला हा उपचार मिळाला आणि पेसमेकर बसवल्यापासून ती एकदाही पडलेली नाही, त्यामुळे माझे मत अनुकूल आहे हे उघड आहे. मात्र ते सरसकट अनुकूल नाही. या उपचारात पेसमेकरपेक्षाही मोलाची असते ती पडण्याच्या नेमक्या क्षणी हृदयात काय घडले याची नोंद. ती हाती असेल तर पेसमेकरइतका भरवशाचा उपाय फार थोड्या आजारांना लाभला आहे; ती नसेल तर तोच पेसमेकर पुष्कळदा अंधारात मारलेला खडा ठरतो, आणि त्याची किंमत रुग्णाला छातीवरच्या जखमेने व घराला पदरच्या पैशाने चुकवावी लागते.

आई परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातील आमच्या गावी राहते. तिने पासष्टी ओलांडली आहे, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी तिला कधी लागलेली नाही, आणि धारा काढण्यापासून कापूस वेचणीपर्यंतची कामे ती आपल्या हाताने करत आली आहे. अशी धडधाकट बाई उभ्या उभ्या कोसळू लागली. वेचणीच्या वेळी सरीत पडली तेव्हा सर्वांनी उन्हाला दोष दिला. पुढे घरात, बसल्या जागी, ज्वारी निवडताना ती एका अंगावर कलंडली, तेव्हा उन्हाचे कारण उरले नाही. मग उपवास, पित्त, अशक्तपणा, पुरेशी झोप नसणे अशी एकेक कारणे पुढे आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल हुंगवली, आणि ती लगेच शुद्धीवर आल्यामुळे त्या उपायांवरचा विश्वास वाढला. वास्तविक अशा प्रकारात माणूस काहीही न करता अर्ध्या-एक मिनिटात शुद्धीवर येतोच. दवाखान्यात नेऊन लावलेल्या सलाईनचेही तेच : सलाईन लागेपर्यंत आई बरी झालेली असे, आणि श्रेय बाटलीला मिळे.

तिला स्वतःला विचारले की ती सांगे, "काही कळलंच न्हाई बघ. लाईट गेल्यावानी झालं, अन् डोळे उघडले तं समदे भवती उभे." या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग होता, हे आम्हांला पुष्कळ नंतर समजले.

मधल्या काळात एका खाजगी दवाखान्यात तिच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख (ईईजी) काढला गेला, दोन्ही निर्दोष आले, आणि तरीही फिटच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या. कारण एवढेच, की पडल्यावर तिचे हात दोन-चारदा झटकले गेल्याचे शेजारणीने पाहिले होते. हृदयाकडून मेंदूला जाणारा रक्तपुरवठा काही सेकंद तुटला तरीही हातपाय असे झटकले जाऊ शकतात, आणि ती फिट नसते. फिटमध्ये झटके बहुधा जास्त वेळ चालतात, जिभेची कड चावली जाते, चेहरा निळसर पडतो, आणि शुद्धीवर आल्यानंतरही बराच वेळ माणूस भांबावलेला राहतो. हृदयामुळे पडलेला माणूस पांढराफटक होतो, आणि डोळे उघडताच आपण कोण, कुठे आहोत हे त्याला ठाऊक असते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. फिटवर सर्रास दिले जाणारे कार्बामॅझेपीन हे औषध हृदयातील विद्युतवहनाचा दोष, विशेषतः वयस्कर रुग्णांमध्ये, वाढवू शकते. म्हणजे चुकीच्या निदानाने नुसता वेळ जातो असे नाही, तर मूळ आजारच बळावू शकतो. तरीही फिटच्या गोळ्या कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत. खरीच मिरगी असेल तर त्या एकदम थांबवणे धोक्याचे असते.

छत्रपती संभाजीनगरातील ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे आम्ही अखेर पोहोचलो, त्यांच्या सेवेतील मला सर्वांत आवडलेला भाग कोणत्याही यंत्राचा नव्हता. त्यांनी आधी विचारपूस केली, आणि ती घाईने केली नाही. "मावशी, पडायच्या आधी डोळ्यापुढं अंधारी येते का? मळमळतं का? घाम सुटतो का?" आई म्हणाली, "न्हाई, काहीच न्हाई होत." "पडल्यावर किती वेळानं उठता?" "लगेच. लोकंच उठू देत न्हाईत म्हणून पडून ऱ्हाते." त्यानंतर त्यांनी मला शेजारच्या काकूंना तिथूनच फोन लावायला सांगितला आणि पडताना आईच्या चेहऱ्याचा रंग कसा होता, डोळे उघडे होते की मिटलेले, झटके पडण्याच्या आधी आले की नंतर, हे स्वतः विचारून घेतले. पडणाऱ्याला स्वतःला काहीच आठवत नसते. त्यामुळे पाहणाऱ्याची साक्ष ही या आजारातील पहिली तपासणी असते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी शक्य झाल्यास मोबाईलवर त्या प्रसंगाचे चित्रीकरण करून ठेवावे. संकोच वाटतो, पण डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

मग रक्तदाब आधी झोपवून आणि नंतर उभे करून, एका व तीन मिनिटांनी मोजला गेला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्याचे कारण तिथेच सापडू शकते, आणि अनेक वयस्करांच्या बाबतीत ते रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांमध्ये दडलेले असते. आईचा रक्तदाब उतरला नाही. पण साध्या ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युतक्रियेच्या आलेखात, मात्र दोष दिसला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत उमटणारा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांकडे एका मुख्य वाटेने उतरतो आणि पुढे तिला उजवी व डावी अशा शाखा फुटतात. डाव्या शाखेच्या पुन्हा दोन उपशाखा होतात. आईची उजवी शाखा आणि डावीची पुढची उपशाखा बंद होती. याला डॉक्टर बायफॅसिक्युलर ब्लॉक म्हणतात. संदेश एकाच उरलेल्या वाटेने खाली पोहोचत होता, आणि तीही वाट अधूनमधून बंद पडत असावी, असा संशय घ्यायला जागा होती. हाच ईसीजी आधी एका ठिकाणी काढला गेला होता आणि 'किरकोळ फरक' म्हणून बाजूला ठेवला गेला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

संशय आणि पुरावा यांत मात्र अंतर असते, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची ताकद उत्तम निघाली. ही तपासणी कुणी टाळू नये, कारण हृदयाचे पंपिंग फार घटलेले असेल तर बेशुद्धीचे कारण हृदयाची अतिजलद, जीवघेणी लय हे असू शकते, आणि तिथे साधा पेसमेकर पुरत नाही, शॉक देणारे यंत्र लागू शकते. चोवीस तास अंगावर राहून सतत ईसीजी टिपणारा होल्टर लावला. त्या दिवशी आई पडली नाही आणि नोंद स्वच्छ आली. आठवड्यांच्या अंतराने पडणाऱ्या माणसाला एक दिवसाचा होल्टर लावून 'सर्व ठीक' असे सांगणे ही मला या क्षेत्रातील सर्वांत फसवी गोष्ट वाटते. न पडलेल्या दिवसाच्या नोंदीतून पडण्याचे कारण कसे कळणार? त्यानंतर मांडीच्या शिरेतून तारा सरकवून ईपी स्टडी, म्हणजे हृदयाच्या विद्युतमार्गांची आतून तपासणी, झाली. तीत मुख्य वाटेपासून खालच्या कप्प्यापर्यंत संदेश पोहोचायला लागणारा वेळ मोजतात. ५५ मिलिसेकंदांपर्यंत तो सामान्य मानतात, आणि अशा रुग्णात तो ७० किंवा अधिक निघाला तर पेसमेकर बसवण्याची शिफारस आहे. आईचा आकडा वाढलेला होता, पण ७० पर्यंत पोहोचत नव्हता.

इथे दोन वाटा फुटल्या. एका दुसऱ्या रुग्णालयात, नुसता ईसीजी पाहून, "पेसमेकर बसवून टाकू, विषय संपेल," असा सल्ला आम्हांला मिळाला होता. हा सल्ला अगदीच निराधार नव्हता. वय फार असेल, पडून हाड मोडण्याची भीती असेल, वाट पाहणेच धोक्याचे असेल, तर अशा ब्लॉकमध्ये पुराव्याची वाट न पाहता पेसमेकर बसवण्याला युरोपीय मार्गदर्शक तत्त्वेही निवडक रुग्णांसाठी मोकळीक देतात. पण आमच्या डॉक्टरांनी दुसरी वाट सुचवली : त्वचेखाली लूप रेकॉर्डर बसवायचा आणि पुढच्या प्रसंगाची नोंद घ्यायची. "मावशी अजून पडल्या तर मला दुःख होईल, पण त्या का पडल्या हे मला कळेल," असे ते म्हणाले. हे स्पष्ट बोलणे मला आश्वासक वाटले.

लूप रेकॉर्डर ही वस्तू आपल्याकडे फारशा लोकांना ठाऊक नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. सध्याच्या लहान प्रकारातील रेकॉर्डर सुमारे साडेचार सेंटीमीटर लांब आणि जेमतेम अडीच ग्रॅमचा असतो. छातीच्या डाव्या बाजूला जागा बधिर करून, एक सेंटीमीटरहूनही लहान छेदातून तो त्वचेखाली सरकवतात. हृदयात कोणतीही तार जात नाही. तो अखंड ईसीजी घेत राहतो, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा खंड किंवा लयीतील बिघाड दिसला की तो भाग आपोआप जपून ठेवतो, आणि प्रसंग घडल्यानंतर सोबतच्या उपकरणाची कळ दाबली तर त्याआधीच्या काही मिनिटांची नोंदही सांभाळतो. बॅटरी साधारण तीन वर्षे पुरते. आईने तो सहजपणे स्वीकारला. अडचण आली ती रेंजची : घरी ठेवायचे उपकरण मोबाईल नेटवर्कवरून नोंद पाठवते, आणि आमच्या घरात रेंज धरण्यासाठी ते माळवदावर नेऊन ठेवावे लागे. खर्च हीदेखील खरी अडचण आहे. रेकॉर्डरचा खर्च आम्ही पदरचा केला आणि तो लहान नव्हता. नुसत्या शोधावर एवढे पैसे घालायचे, त्याने आजार तर बरा होत नाही, असे नातेवाइकांनी तोंडावर ऐकवले. मला मात्र संपूर्ण उपचारात सर्वांत योग्य जागी गेलेला पैसा तोच वाटतो.

पहाटे अंगण झाडताना आई पडली, भावाने कळ दाबली, आणि आम्ही तिला घेऊन परभणीहून रेल्वेने संभाजीनगर गाठले. डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली आणि आईला जवळ बोलावून बोटाने दाखवली. त्या पट्टीवर वरच्या कप्प्यांच्या लहान लहान लाटा सारख्या अंतराने, न चुकता, उमटत होत्या. त्यांच्यामागून यायला हवीत ती खालच्या कप्प्यांची उंच टोके मात्र एका जागी थांबली होती, आणि सुमारे नऊ सेकंदांनंतर पुन्हा सुरू झाली होती. हृदयाचा वरचा भाग आपले काम करत होता, संदेश खाली पोहोचत नव्हता. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध जाते. नऊ सेकंदांत आई का कोसळली हे सांगायला आणखी कुणाची गरज उरली नाही. उन्हाचा, उपवासाचा, पित्ताचा आणि फिटचा, सगळ्यांचा हिशेब त्या एका पट्टीने मिटवला. आई कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत होती, आणि मग तिने एवढेच विचारले, "म्हंजी मह्या डोक्यात काही न्हाई ना?" इतके महिने तिला खरी भीती कशाची होती, ते मला त्या वेळी कळले.

पुढचा निर्णय सोपा होता. असा पूर्ण ब्लॉक अधूनमधून होतो हे सिद्ध झाल्यावर पेसमेकरविषयी वैद्यकात दुमत नाही. १९५८ मध्ये स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात जगातील पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला गेला, तोही याच दुखण्यावर : आर्ने लार्सन हा रुग्ण ब्लॉकमुळे दिवसातून अनेकदा बेशुद्ध होत असे. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, पण पुढच्या यंत्रांच्या आधाराने लार्सन २००१ पर्यंत जगले. आजचा पेसमेकर वीस ते तीस ग्रॅमचा असतो, बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे चालते, आणि दोन तारांच्या प्रकारात एक तार वरच्या उजव्या कप्प्यात व दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात असते. वरची तार हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकते, त्यानंतर ठरलेल्या वेळात खालचा ठोका आला नाही तर खालची तार तो देते, आणि आला तर यंत्र गप्प राहते. हृदय चालू असताना ते विनाकारण ढवळाढवळ करत नाही, ही गोष्ट आईला समजावून सांगितल्यावर तिची निम्मी धास्ती गेली. शस्त्रक्रिया डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, जागा बधिर करून झाली आणि तासाभरात आटोपली. ती पूर्ण वेळ जागी होती आणि आतून काहीतरी दाबल्यासारखे वाटले, एवढीच तिची तक्रार होती. जखमेभोवती काळेनिळे झाले, ते दोन-तीन आठवड्यांत ओसरले. तार जागची हलणे, जखमेत रक्त साकळणे, फुप्फुसाला इजा होऊन हवा भरणे आणि जंतुसंसर्ग हे या शस्त्रक्रियेतील ज्ञात धोके आहेत, आणि सही करण्याआधी ते आम्हांला मराठीत समजावून सांगितले गेले, याची मी आवर्जून नोंद करते.

आता ज्या कारणासाठी मी हे सारे लिहायला बसले त्याकडे येते. आई बरी झाल्याचे ऐकून गावातल्या आणि नात्यातल्या अनेकांनी आपल्या पडणाऱ्या माणसालाही पेसमेकर बसवण्याचा विचार बोलून दाखवला, त्या पडणाऱ्यांत कॉलेजात शिकणारी एक मुलगीही होती. प्रार्थनेला किंवा रांगेत फार वेळ उभे राहिल्यावर, रक्त पाहिल्यावर, गर्दीत उकडल्यावर, आधी मळमळ व घाम येऊन जी भोवळ येते ती बहुतेक वेळा निराळी असते. तीत शरीराच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेमुळे रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो आणि ठोकेही मंदावतात. पेसमेकर ठोके सांभाळू शकतो, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळू शकत नाही. या प्रकारावर भरपूर पाणी, डॉक्टरांनी मुभा दिली असेल तर थोडे जास्त मीठ, आणि भोवळ येतेय असे जाणवताच खाली बसणे किंवा पाय आढी घालून मांड्या व मुठी घट्ट आवळणे, हेच उपाय पहिले.

या भोवळीवर पेसमेकर वापरून पाहिला गेला आणि त्याचा इतिहास डोळे उघडणारा आहे. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासात ५४ रुग्णांपैकी निम्म्यांना पेसमेकर बसवला. बसवलेल्यांपैकी २२ टक्के पुन्हा पडले, न बसवलेल्यांपैकी ७० टक्के. निकाल इतका ठळक होता की प्रश्न सुटला असे वाटावे. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात सर्व १०० रुग्णांना यंत्र बसवले आणि रुग्णांना न सांगता निम्म्यांचेच चालू ठेवले. सहा महिन्यांत यंत्र चालू असलेल्यांपैकी ३१ टक्के पडले, बंद असलेल्यांपैकी ४० टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. म्हणजे पहिल्या अभ्यासातील लाभाचा मोठा वाटा शस्त्रक्रिया झाल्याच्या दिलाशाचा असावा. 'आमच्या पाहुण्याला बसवला आणि फरक पडला' या साक्षीवर विसंबून निर्णय घेऊ नये, असे मी म्हणते ते यामुळे. त्यात माझ्या आईची साक्षही आलीच.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही, कारण संशोधकांनी नंतर रुग्ण निवडण्याची पद्धत बदलली. २०१२ च्या एका अभ्यासात चाळिशी ओलांडलेले आणि लूप रेकॉर्डरवर हृदयाचा दीर्घ खंड प्रत्यक्ष नोंदला गेलेलेच रुग्ण घेतले. त्यांतही यंत्र बंद ठेवलेल्यांचा गट होता. दोन वर्षांत त्यांतील ५७ टक्के पुन्हा पडले, चालू असलेल्यांपैकी २५ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, सरासरी पंच्याहत्तरीच्या पुढचे आणि कारण न सापडलेले ८० रुग्ण होते; शिरेतून एटीपी हे द्रव्य दिल्यावर ज्यांचे हृदय दहा सेकंदांहून अधिक थांबले त्यांनाच निवडले गेले, आणि पडण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. २०२१ मध्ये टिल्ट टेबलवर, म्हणजे रुग्णाला झोपवून उभे तिरके करणाऱ्या टेबलावर, हृदयाचा खंड दिसलेल्या चाळिशीपुढच्या रुग्णांतही ५३ विरुद्ध १६ टक्के असा निकाल आला. यंत्र तेच, उपचार तोच. फरक पडला तो आधी पुरावा मिळवण्याने. आणि पुरावा असूनही २५ किंवा १६ टक्के लोक पुन्हा पडलेच, हेही बसवणाऱ्याने ऐकून ठेवावे. आईच्या प्रकारात, म्हणजे विद्युतमार्गच बंद पडत असताना, यश याहून पुष्कळ चांगले असते.

रुग्णालयाच्या सेवेविषयी माझ्या तक्रारी आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. घरी सोडतानाचा कागद पूर्ण इंग्रजीत होता. पेसमेकरचे ओळखपत्र, ज्यावर यंत्राचा प्रकार, क्रमांक आणि तारांची माहिती असते, ते मागितल्यावरच मिळाले. यंत्राची तपासणी करणारा तंत्रज्ञ कंपनीकडून ठरावीक दिवशी येतो हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे वयस्कर बाईला गावाहून आणून दिवसभर बाकावर बसवावे लागले आणि तपासणी न होताच परतावे लागले. शस्त्रक्रिया उत्तम करणाऱ्या माणसांनी पुढची व्यवस्था इतकी सैल का ठेवावी, हे मला समजत नाही.

पैशाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा आधार झाला. कायमस्वरूपी पेसमेकर या योजनेत येतो, कुटुंबाचे वार्षिक संरक्षण आता पाच लाखांपर्यंत वाढवले आहे, आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांत असल्यामुळे इथल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिचा लाभ आधीपासून मिळत आला आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर आधी जावे आणि मंजुरी येण्यापूर्वी पैसे भरू नयेत. मंजुरीसाठी ईसीजीचा पुरावा जोडावा लागतो, आणि ती पट्टी तिथेही आमच्या कामी आली.

घरी आल्यावर सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. आईला सर्वांत जड गेले ते हेच : तिला स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता आणि सून रोज वेणीफणी करत असे. घागर उचलणे बंद झाले, ते तिने लपूनछपून लवकरच सुरू केले आणि ओरडा खाल्ला. आपल्याकडच्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कोणत्याही पत्रकात मला दिसली नाही. आई मोबाईल ब्लाऊजमध्ये, नेमका डाव्या बाजूला ठेवत असे. मोबाईल पेसमेकरपासून किमान पंधरा सेंटीमीटर दूर हवा. आम्ही तिला कमरेला खोचायची पिशवी शिवून दिली. इंडक्शन शेगडीपासून दोन फुटांचे अंतर ठेवावे. पिठाची गिरणी, पाण्याची मोटर चालू असताना त्यांवर छाती टेकवून वाकू नये आणि वेल्डिंगचे काम करू नये. गुडघेदुखीवर शेक म्हणून दिली जाणारी डायथर्मी पेसमेकर असलेल्यांना चालत नाही, आणि आमच्या वयस्कर बायका तो शेक घ्यायला तालुक्याला नेहमी जातात, म्हणून हे ध्यानात असू द्यावे. देवस्थानाच्या दारातील मेटल डिटेक्टरमधून न थांबता चालत जावे, हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नये. एमआरआयची वेळ आली तर यंत्र आणि तारा दोन्ही त्याला चालणाऱ्या आहेत का, हे ओळखपत्रावरून तपासून घ्यावे. लिहायला जड जाते, पण मृत्यूनंतर दहनापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावे.

आता दर सहा महिन्यांनी आईची तपासणी होते. छातीवर एक चकती ठेवून तंत्रज्ञ बॅटरी, तारांची स्थिती आणि किती टक्के ठोके यंत्राने दिले हे वाचून दाखवतो. पाच-दहा मिनिटांच्या या कामासाठी गंगाखेडहून संभाजीनगरला जाण्यात पूर्ण दिवस मोडतो. पेसमेकर वाचणारे प्रोग्रॅमर यंत्र आणि ते चालवणारा माणूस महिन्यातून एकदा तरी परभणी, हिंगोली, अंबाजोगाई अशा ठिकाणी मिळाला, तर आमच्यासारख्या कितीतरी घरांची ही तपासणी चुकणार नाही. ज्या रुग्णालयात पेसमेकर बसवणार आहात, तिथे सही करण्यापूर्वी हाच प्रश्न विचारा : पुढची तपासणी कोण करणार, कोणत्या वारी, आणि आमच्या गावापासून किती दूर.